मधलं म्युझिक: गायक गप्प होतो तेव्हा

बेंजोवाला_कळंब | सोमवार, रात्री १०.२०

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा भाच्याचं लग्न झालं, केजजवळच्या एका खेड्यात. वरातीला डीजे. मुखडा वाजला, अर्धा अंतरा वाजला की लगेच पुढचं गाणं. दीड तासात चाळीस-पन्नास गाणी झाली असतील, पण एकाचंही मधलं म्युझिक धड वाजू दिलं नाही. आम्ही जुनी मंडळी रुमाल काढून आत शिरलो आणि दहा मिनिटांत रुमाल खिशात घालून बाहेर आलो. पाय पडेनातच. आमच्या पायांना सवय मधल्या म्युझिकची. शब्द चालू असले की माणूस ओठ हलवतो, टाळ्या वाजवतो, मित्राला खांद्यावर घेतो. खरा नाच गायकाचं तोंड मिटल्यावर.

मी बारा वर्षं बेंजो पार्टीत होतो. नव्या पोरांनी बघितला नसेल म्हणून सांगतो: बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तार छेडायची. पिकअप (तारांचा आवाज पकडणारं यंत्र) बसवून भोंग्याला जोडला की शेजारच्या गावाला आमंत्रण द्यायची गरज नाही. आमच्या पार्टीत गायक नव्हता. म्हणजे गाण्याची ओळही बेंजोवर आणि म्युझिकही बेंजोवर. मग लोकांना कसं कळायचं कुठलं काय? ओळ मी मधल्या सप्तकात साधी वाजवायचो. म्युझिक आलं की वर चढायचो आणि पट्टी दोन्ही बाजूंनी मारायचो, खालीवर, भराभर. मनगट भरून यायचं, पण तेवढ्या फरकावर पब्लिक उसळायचं.

एकदा वाशीकडच्या लग्नात मला अंतराच आठवेना. गाणं कुठलं ते विचारू नका, अजून लाज वाटते. म्युझिक संपत आलं, पुढं अंधार. मग काय, तेच म्युझिक परत घेतलं. पुन्हा परत. ताशावाला माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघत नाही. सात वेळा फिरवलं. त्या रात्रीएवढं बक्षीस मला पुन्हा कधी मिळालं नाही, आणि मालकाच्या तेवढ्या शिव्याही मिळाल्या नाहीत.

तर प्रश्न असा: हे मधलं म्युझिक एवढं अंगात का येतं? आणि आता ते कापतात का? जाणकारांनी लिहावं.

---

गोदातीर | सोमवार, रात्री १०.५५

झकास धागा. मधल्या म्युझिकचा बाप म्हणजे नागीण. १९५४ चा 'नागिन', संगीत हेमंतकुमार. वरातीत 'मन डोले'चे शब्द म्हणणारा माणूस दाखवा, बक्षीस माझ्याकडून. सगळ्यांना पुंगी तेवढी पाहिजे. एक जण रुमाल दातात धरून गारुडी होतो आणि चांगला शिकलासवरलेला माणूस रस्त्यावर आडवा होऊन फणा काढतो.

---

आजोबांचा_लाडका | सोमवार, रात्री ११.१०

आमचे आजोबा सांगायचे, त्या गाण्याला खरा गारुडी बोलावला होता आणि थिएटरात साप निघायचे.

---

गोदातीर | सोमवार, रात्री ११.१८

आजोबांना नमस्कार, पण गारुडी नव्हता. ती पुंगी कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइनवर वाजवलीय, सोबत हार्मोनियमवर रवी. दोघंही पुढं स्वतःच्या नावानं मोठे संगीतकार झाले. क्लॅव्हिओलाइन म्हणजे विजेवर चालणारं छोटं कीबोर्ड, १९४७ च्या सुमाराला फ्रान्समध्ये तयार झालेलं. एका वेळी एकच स्वर निघायचा. म्हणजे आपला गावठी नागीण डान्स गेली सत्तर वर्षं फ्रेंच यंत्रावर चाललाय. सापांचं मला माहीत नाही.

---

पुण्यातला_संभाजीनगरकर | मंगळवार, सकाळी ८.०५

बेंजोवाले, दंडवत घ्या. तुम्ही ते म्युझिक सात वेळा फिरवलंत ना, त्याच युक्तीवर न्यूयॉर्कमध्ये अख्खी हिपहॉपची इमारत उभी राहिली.

ब्रॉन्क्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू, ११ ऑगस्ट १९७३. मूळ जमैकाचा कूल हर्क नावाचा डीजे बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्डी लावत होता. नाचणारी पोरं रेकॉर्डमधल्या एका ठरावीक जागेची वाट बघतात हे त्यानं हेरलं. गायक थांबतो, ब्रास म्हणजे पितळी वाद्यं थांबतात, ड्रम आणि फार तर बेस उरतो. ती जागा काही सेकंदांचीच. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायला सुरुवात केली. एकीवरची जागा संपली की दुसरीवरची सोडायची, तेवढ्यात पहिली मागं फिरवून घ्यायची. झालं तुमचं 'पुन्हा परत'. या जागेला ब्रेक म्हणतात, आणि ब्रेकवर नाचतात तो ब्रेकडान्स. लहानपणी आमच्या टीव्ही सेंटरच्या गल्लीत सगळ्यांची खात्री होती की हाडं मोडतात म्हणून त्याला ब्रेकडान्स म्हणतात.

ब्रेकडाउन हा त्याचा चुलतभाऊ. तिथं गाणं एकेक वाद्य खाली ठेवत जातं, नुसता सांगाडा राहतो, आणि मग परत मांस चढतं. डिस्कोच्या काळात टॉम मोल्टनसारख्या मिक्स करणाऱ्यांनी ही जागा लांबवली. बारा इंची रेकॉर्डवर तेवढी ऐसपैस जागा मिळाली म्हणून. आजचा डीजे आवाज काढून घेतो, चढवत नेतो आणि धाडकन सोडतो, ते याच घराण्यातलं.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या ब्लूग्रास या लोकसंगीतवाल्यांकडं ब्रेकडाउनचा अर्थ भलताच, भरधाव वाजवायची शब्दांशिवायची धून. 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन', १९४९, अर्ल स्क्रग्ज. वाद्य कुठलं? बॅन्जो. खरा, कातड्याचा, पाच तारांचा. ऐका, तुमचं मनगट दुखायला लागेल.

---

ओवीकार | मंगळवार, सकाळी ११.३०

सगळे एका सुरात बोलताय म्हणून मुद्दाम विरुद्ध बाजूला बसतो.

मधलं म्युझिक ही सिनेमाची सोय होती. नायक टेकडीवर धावणार, नायिका साडी बदलून येणार, तेवढा वेळ भरून काढायचा. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेव्हा कितीतरी गाणी सिनेमात लांब आणि रेकॉर्डवर आखूड निघाली. कापाकापी आजची नाही. आणि वीस वर्षांनी तुमच्या ओठावर काय राहतं? शब्द आणि चाल. ओवीला कुठं आलंय म्युझिक? जात्यावर बसलेल्या बाईनं ओवी म्हटली, पुढची सुचेपर्यंत जातं फिरत राहिलं, झालं.

---

बेंजोवाला_कळंब | मंगळवार, दुपारी २.१५

ओवीकार, शेवटच्या वाक्यात तुम्हीच हरलात की. पुढची ओवी सुचेपर्यंत जातं फिरतं, ती घरघर म्हणजे मधलं म्युझिकच!

आणि सोय असेलही, पण त्या सोयीत माणसं काय काय करून गेली बघा. सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, केर्सी लॉर्ड, मनोहारी सिंग, आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स, आपले अनिल मोहिले. कुणी म्युझिक लिहिलं, कुणी वाजवलं. 'रूप तेरा मस्ताना'मधला अकॉर्डियन काढून टाका आणि सांगा काय उरतं. पोस्टरवर यांची नावं नसायची. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, पण ते खऱ्या व्हायोलिन शिकवणाऱ्या माणसाचं नाव होतं आणि त्यांचा शिष्य प्यारेलाल यांच्यामुळं १९७७ मध्ये गाण्यात गेलं, हे किती जणांना ठाऊक?

आमचंच बघा. २०१६ ला 'सैराट' आला. त्यातलं व्हायोलिनचं काम अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिंफनी बसवून केलेलं. आणि इकडं सुपारी आली की 'याड लागलं' पाहिजेच. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचं ओझं एका बेंजोवर! मी पट्टी जास्तच तिरपी धरून, बटणावर बोट घासत घासत काढायचो. सिंफनी नव्हे, पण मांडवातल्या बाया डोळे पुसायच्या. (मुलगी निघाली म्हणूनही असेल.)

---

मु_पो_रेणापूर | मंगळवार, रात्री ९.४५

लई दिवसांनी लिव्हायलो. अमेरिका, फ्रान्स समदं वाचलं. आता आमच्या गल्लीचं ऐका.

डीजेवाले ज्याला ब्रेकडाउन म्हणायलेत ते आमच्या गावात हलगीवर हुतं. हलगीचं कातडं रातच्या गारव्यानं सैल पडतंय. सैल पडलं की आवाज बद्द येतो. मग ती शेकावी लागती. वरातीत चार हलग्या असल्या की दोघं जण बाजूला जायचे, रस्त्याच्या कडंला पाचट नाही तर कडबा पेटवायचा आणि हलगी जाळावर गोल गोल फिरवायची. बोटानं टिचकी मारून बघायची. टंग वाजलं की झालं.

तवर हिकडं वरात थांबती का? न्हाई. राहिलेले दोघं बारीक वाजवायचे. जाड टिपरू वर उचलूनच धरायचं, नुसत्या बारीक काडीनं कडंवर टिकटिक टिकटिक. ढोल गप. सनई गप. लोकांचे पाय हळू पडायचे पर सुटायचे न्हाईत. मारुतीच्या पाराजवळ तर आमच्या गावचा म्हातारा हलगीवाला ती काडी बी थांबवायचा. एकदम चिडीचूप. घोडीचे नाल वाजलेले ऐकू यायचे. आणि तरी समद्यांच्या अंगात ठोका चालूच. म्हातारा बघायचा, कोण डुलायलं, कोण उभं ऱ्हायलं. मग तिकडून तापलेल्या दोन हलग्या पळत यायच्या आणि चौघांचं टिपरू एकदाच पडायचं. तापलेली हलगी म्हंजी आवाज किती चढा, इचारू नका. फेटे उडायचे.

आता डीजेवाला बटण दाबून आवाज काढून घेतो आणि बटण दाबून परत देतो. त्येच की. पर जाळ कुठाय?

---

गोदातीर | मंगळवार, रात्री ९.५८

रेणापूर, हे वाचून उठून उभा राहिलो. वाचनखूण साठवली.

---

उर्सचा_पाळणा | बुधवार, सकाळी ७.२०

परभणीकर हजर. आमच्याकडं फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उर्स असतो, पाळणे, मौत का कुआँ, खाजा, सगळं. लहानपणी वडील कव्वालीला घेऊन बसायचे. कव्वालीत गाण्याआधीच म्युझिक असतं, हे कुणी लिहिलं नाही अजून. हार्मोनियम एकटीच सुरू होते, मग ढोलक मिळते, मग टाळ्या. त्याला नग़मा म्हणतात. माईक बसतो, मागचे लोक खाली बसतात, चहावाला बाजूला होतो. वडील म्हणायचे, कव्वाल किती पाण्यात आहे ते नग़म्यातच कळतं.

आणि मध्ये एक ओळ घोळून घोळून लोक तापले की मोठा कव्वाल हात वर करून गप्प बसतो. नुसत्या टाळ्या आणि ढोलक. तेव्हाच नोटा पडतात. बेंजोवाले, तुमच्या बक्षिसाचं कोडं सुटलं का?

---

तुळजापूर_स्टँड | बुधवार, सकाळी ९.४०

गोंधळ विसरला का राव. गोंधळी कथा सांगत सांगत थांबतो आणि संबळ सुटतं. कमरेला बांधलेली दोन भांडी, काडी टोकाला वाकडी. तुणतुणं तेवढं मागं चालू असतं. ते संबळ कुठल्याही स्पीकरशिवाय छातीत वाजतं. मग लोक आपसूक ओरडतात, आई राजा उदे उदे! ते ओरडायला जागा पाहिजे म्हणूनच कथा थांबते असं माझं मत. तमाशातही गण सुरू व्हायच्या आधी ढोलकी-हलगीची सलामी असते, पब्लिक तिथंच गाडीतून उतरतं.

जास्त लिहिता येत नाही, बस आली.

---

ओवीकार | बुधवार, दुपारी १२.१०

जात्याच्या मुद्द्यावर शरण आलोय. पण एक विचारतो. रेणापूरकरांच्या म्हाताऱ्याला थांबता यायचं, कारण समोरचे पाय त्याला दिसत होते. परवा आमच्या नांदेडात ऑर्केस्ट्रा ऐकला. वादक एकच. बाकी सगळं पेन ड्राइव्हवर. दुसऱ्या अंतऱ्याआधी एक आजी नातवाला घेऊन स्टेजसमोर नाचायला आल्या. गायिकेला त्यांना अजून वेळ द्यायचा होता, चेहऱ्यावर दिसत होतं. पण ट्रॅक थांबत नाही. सोळा मात्रा झाल्या की अंतरा आलाच. तिनं आजींकडं बघत हात हलवला आणि गायला लागली.

म्हणजे लांबी नव्हे, लांबवायची मुभा गेलीय. माझं आधीचं बरंचसं म्हणणं मागं घेतो.

---

पुण्यातला_संभाजीनगरकर | बुधवार, दुपारी १.३०

ओवीकारांचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली, जराशी कडू आहे.

१९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडनं 'आमेन, ब्रदर' काढलं, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, भरतीला म्हणून. मध्यावर ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा वाजवतो. चार बार, म्हणजे ठेक्याची चार आवर्तनं. सहा-सात सेकंद. पुढं रेकॉर्डमधला तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारी सॅम्पलर यंत्रं आली आणि त्या सहा-सात सेकंदांवर हिपहॉपची आणि 'जंगल' नावाच्या ब्रिटिश नाचसंगीताची हजारो गाणी बेतली गेली. कोलमनला त्याचे पैसे मिळाले नाहीत. २००६ मध्ये तो गेला. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधल्या क्लाइड स्टबलफील्डचंही पैशांच्या बाबतीत तेच. त्या गाण्यात ब्राउन ड्रमरला बजावतो की करामत नको, आहे तेच वाजवत राहा. तो राहिला. त्या ठेक्यावर पुढं कितीतरी लोकांचे बंगले झाले.

---

हलगीवाल्याचा_नातू | बुधवार, रात्री १०.५०

दोन दिवस नुसतं वाचत होतो. रेणापूरकरांनी लिहिलेला म्हातारा माझा आजा नाही, पण असता तरी चाललं असतं, आमच्यात सगळे तसेच.

फेटे उडाले ते लिहिलं. म्हातारा जेवला कुठं ते कुणी लिहिलं नाही. आमचं ताट मांडवाबाहेर, पंगत उठल्यावर. हलगी मात्र मांडवाच्या तोंडाशी पाहिजे. आजा म्हणायचा, जाळावर हलगी शेकताना दहा मिनिटं मिळायची, तेवढीच बसायला. तुम्हाला ज्याच्यात संगीत दिसलं तो आमचा दम खायचा वेळ होता. दोन्ही खरं असेल. नाराज नाही, पण सांगून ठेवतो.

मी स्वतः आयटीआय केलंय, फिटर आहे. सीझनला वाजवतो, चुलतभाऊ सोबत. आता आम्ही आधी ठरवतो: चौघांचे सहा हजार, अर्धे आधी, आणि जेवण पंगतीत. हे ऐकून काही लोक फोन ठेवतात. ठेवू द्या.

---

मु_पो_रेणापूर | बुधवार, रात्री ११.०५

बरोबर हाय तुमचं. आमच्या म्हाताऱ्याचं ताट मला आठवतंय. लिव्हायला पायजे हुतं.

---

बेंजोवाला_कळंब | गुरुवार, सकाळी ६.३०

रात्रभर हाच विचार. नातूसाहेब, १८ मेला पुतणीचं लग्न आहे आमच्या गावात. डीजेची सुपारी अजून दिलेली नाही. तुम्ही मोकळे आहात का? जेवण पंगतीत, माझ्या शेजारी. बेंजो माळ्यावरून काढलाय. तीन तारा तुटल्यात आणि 'नी'चं बटण अडकतंय. तारा कुठं मिळतील आता?

---

गोदातीर | गुरुवार, सकाळी ८.१५

लातूरला गंजगोलाईत वाद्यांच्या दुकानात विचारा, मागच्या वर्षी मिळाल्या होत्या. बटणाला खोबरेल लावू नका, चिकटा धरतो. शिलाई मशीनचं तेल.

---

आजोबांचा_लाडका | गुरुवार, सकाळी ८.४०

हलगीला भोंगा नसतो, म्हणजे रात्री दहानंतरही चालेल ना?

---

तुळजापूर_स्टँड | गुरुवार, सकाळी ८.५२

नाही चालणार. रात्री दहा ते सकाळी सहाच्या नियमात उघड्यावरची वाद्यंही येतात. वरात वेळेवर काढा म्हणावं. आपल्याकडं अवघड आहे ते.

---

हलगीवाल्याचा_नातू | गुरुवार, दुपारी १.२०

१८ ला मोकळे आहोत. अर्धे पैसे पाठवा, नंबर व्यक्तिगत निरोपात देतो. कडबा तुमच्याकडून, ओला नको. आणि बेंजोवाले, मारुतीच्या पाराजवळ आम्ही थांबलो की तुम्हीही थांबायचं. मध्येच पट्टी मारायची नाही.

---

बेंजोवाला_कळंब | गुरुवार, दुपारी १.२६

पैसे पाठवतो. पण मला अंतरा आठवला नाही तर?

---

हलगीवाल्याचा_नातू | गुरुवार, दुपारी १.३१

फिरवा मग सात वेळा. आम्ही आहोत खाली.